कोरड्या डोंगराचा हिशेब

डोंगर म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी पाऊस उभा राहतो. धुके, कारवी, करवंदाच्या जाळ्या, कड्यावरून वाऱ्याने उलटे उडणारे पाणी. आपल्या शाळेच्या पुस्तकांतले डोंगर बहुतेक सगळे घाटमाथ्यावरचे. मराठवाड्यातला डोंगर या चित्रात कुठेच बसत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तोच ढग सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत इतका रिकामा झालेला असतो, की छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला सरासरी सातशेच्या आसपास येतात. तेही चार महिन्यांत, आणि मनात असेल तर. त्यामुळे आमचे डोंगर श्रावण-भाद्रपदात पाहुण्यासारखे हिरवे होतात आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत काळ्या दगडाचे उघडे अंग घेऊन उन्हात पडून असतात. हा प्रदेश भूगोलाच्या पुस्तकात वाळवंट म्हणून दाखवत नाहीत; पण मार्चच्या दुपारी त्या दगडावर हात ठेवून पाहावा म्हणजे पुस्तकावरचा विश्वास थोडा कमी होतो.

अशा एका डोंगरावर मी गेल्या फाल्गुनात एकटा जाऊन आलो. डोंगर काही अनोळखी नव्हे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचा देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला. शाळेच्या सहलीत गेलो होतो, लग्नानंतर गेलो, मुलांना घेऊन गेलो, बँकेत नव्याने रुजू झालेल्या परगावच्या अधिकाऱ्यांना दाखवायला तर किती वेळा गेलो याची गणती नाही. पण एकट्याने कधी गेलो नव्हतो. आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेत असताना, एकट्याने जायचे म्हटल्यावर घरात जे व्हायचे ते झाले.

‘‘अहो, एकट्यानंच कशाला? कुणाला तरी घेऊन जा की बरोबर,’’ सौ. म्हणाल्या. पुण्याहून मुलाचा फोन आला, ‘‘बाबा, रविवारी मी येतो, आपण दोघं जाऊ.’’ शेजारच्या वकिलांनी तर वर्तमानपत्रात वाचलेल्या दोन दुर्घटना सविस्तर सांगितल्या. यातले कुणी चुकीचे बोलत होते असे नाही. आपल्याकडे माणूस एकटा कुठे निघाला की दोनच कारणे संभवतात : एक तर घरात भांडण झाले असावे, नाहीतर डोक्यावर परिणाम झाला असावा. ‘मला सहज जायचे आहे’ हे कारण लोकांना पटत नाही.

माझे कारण तसे सहज नव्हतेही. एक कादंबरी लिहायला घेतली आहे. तिच्यात देवगिरीच्या कोठीवरचा एक कोठावळा आहे. वेढा पडलेल्या किल्ल्यात धान्य मोजणारा साधा कारकून. सोबत माणसे असली की किल्ला बघितला जातो, गप्पा होतात, फोटो निघतात. पण वर चढणाऱ्या माणसाला एकेका घोटाची किंमत काय वाटत असेल ते कळत नाही. मला ते अंगावर घेऊन पाहायचे होते. शिवाय चौतीस वर्षे बँकेत हिशेब तपासले. आता स्वतःच्या श्वासाचा आणि पाण्याचा हिशेब स्वतः ठेवता येतो का, हेही पाहायचे होते.

अखेर अटींवर परवानगी मिळाली. फ्रिजवर एक कागद चिकटवला : किती वाजता निघणार, कुठल्या वाटेने चढणार, कुठे कुठे थांबणार, आणि कितीला परत येणार. दर टप्प्यावर घरी फोन करायचा. आणि सर्वांत महत्त्वाची अट मी स्वतःच घातली होती. साडेबारा वाजता जिथे असू, तिथून माघारी फिरायचे. मग माथा दहा पायऱ्यांवर असला तरी.

तीन बाटल्या

झोळीत तीन लिटर पाणी घेतले, एकेक लिटरच्या तीन बाटल्यांत. एक चढण्याची, एक उतरण्याची आणि तिसरी आपली नव्हेच असे समजायचे. बँकेत काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. लोकांच्या ठेवींतला एक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावाच लागतो. कितीही चांगला कर्जदार दारात उभा असला तरी त्या पैशाला हात लावता येत नाही. तिसरी बाटली म्हणजे तो राखीव हिस्सा. सौ.नी आयत्या वेळी तिच्यासोबत एक पुडी दिली : सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एक लिटर पाण्याला हे माप. मुले लहान असताना जुलाब-उलट्यांच्या वेळी सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेने शिकवलेले, ते त्यांनी इतकी वर्षे लक्षात ठेवले आहे.

कोरड्या हवेतला उकाडा फसवा असतो. मुंबईत घामाने शर्ट अंगाला चिकटतो आणि माणसाला कळते की आपण भिजलो. आमच्याकडे घाम दिसतच नाही. तो परस्पर उडून जातो आणि संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उरतात. तेवढे पाणी गेले याचा पत्ता लागत नाही. त्यात वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, हे डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. म्हणजे साठीनंतर तहान लागेल तेव्हा पिऊ असे म्हणणे, म्हणजे चेक परत आल्यावर खात्यातली शिल्लक बघण्यासारखे. म्हणून मी घड्याळ लावून पाणी प्यायचे ठरवले. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान असो वा नसो.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या वाटांवर पाट्या लावलेल्या असतात, की कठड्यापासून खाली नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याचा प्रयत्न करू नका. तिथली गोष्ट उलटी आहे. सकाळच्या गारव्यात उतरण असते, ती सोपी वाटते. आणि परतीची चढण नेमकी भर उन्हात समोर येते. आपल्या किल्ल्यांचे बरे आहे. आधी कष्ट, मग उतार. मात्र थकलेल्या गुडघ्यांना उतारही सोडत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

वेडीवाकडी दारे

उस्मानपुऱ्यातून रिक्षाने मध्यवर्ती बसस्थानक गाठले आणि वेरूळकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर. ही नावे संपता संपता उजव्या-डाव्या टेकड्यांमध्ये तो सुळका दिसू लागतो. सपाट प्रदेशातून एकदम सुमारे दोनशे मीटर उठलेला, आणि त्यातला खालचा पन्नासेक मीटरचा भाग माणसांनी तासून भिंतीसारखा उभा केलेला. ‘‘काका, एकलेच का?’’ कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारले. मी हो म्हटल्यावर त्याने माझ्या पायांतल्या बुटांकडे बघितले आणि पुढे सरकला. बूट पसंत पडले असावेत.

महाकोटाच्या पहिल्या दरवाजातून आत शिरलो तेव्हा साडेनऊ झाले होते. हे दरवाजे एकमेकांसमोर नाहीत. पहिल्यातून शिरलेल्या माणसाला दुसरा दिसू नये अशी त्यांची रचना. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून वळणे आणि दारांवर अणकुचीदार खिळे. आत गेले की डाव्या अंगाला तो विस्तीर्ण हत्ती हौद. त्याच्याजवळ जुन्या मंदिराच्या खांबांवर १३१८ साली खिलजींच्या काळात उभी राहिलेली मशीद, जिथे हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर भारतमातेची मूर्ती बसली. समोर पंधराव्या शतकातला बहामनींचा चांदमिनार, दोनशे फुटांहून उंच. यादवांचा भिल्लम, खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मुघल, निजाम. दर शंभर-दीडशे पावलांवर राज्य बदलते.

मी त्या दिवशी मात्र इमारतींपेक्षा पाणी बघत चाललो होतो, आणि मग किल्ला वेगळाच दिसू लागतो. हौद, विहीर, टाकी, खापरी नळांच्या खुणा. या डोंगराला स्वतःचे पाणी बेताचेच. म्हणून जो जो इथे राहिला त्याने आधी पाणी साठवण्याची सोय केली आणि मग महाल बांधले. पुढे मलिक अंबरने १६१० साली खडकी गाव वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले, आणि जमिनीखालून नहर खणून डोंगराकडचे पाणी शहरात आणले. तोही देवगिरीच्या परिसरात वावरलेला माणूस. या भागात राज्य करायचे म्हणजे काय करायचे हे त्याला पक्के ठाऊक होते.

न उघडलेली पोती

देवगिरीचा कडा चढून कुणी हा किल्ला जिंकल्याचे सांगत नाहीत. कडा तसा चढता येण्याजोगा नाहीच. किल्ला गेला तो इतर वाटांनी. त्यातली सर्वांत जुनी गोष्ट १२९६ सालची. दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई अल्लाउद्दीन काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक देवगिरीच्या वेशीशी आला. यादवांचे मोठे सैन्य तेव्हा बाहेर होते. रामदेवराय घाईघाईने किल्ल्यात गेला. त्या घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिणारा इतिहासकार फरिश्ता सांगतो, की गडबडीत लोकांनी खालच्या पेठेत पडलेली पोती धान्याची समजून वर चढवली. ती कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची मिठाची पोती होती. वेढ्यात ती उघडली तेव्हा रामदेवरायापुढे तहाशिवाय मार्ग उरला नाही, आणि देवगिरीचे सोने उंट-हत्तींवरून उत्तरेकडे गेले.

इतिहासकार या गोष्टीबद्दल आणखी बोलू शकतील. मी तिच्याकडे बँकवाल्याच्या नजरेने पाहतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात धान्य-कडधान्याच्या मालावर कर्ज देण्याची पद्धत जोरात होती. व्यापाऱ्याचा माल गोदामात, गोदामाला बँकेचे कुलूप, आणि दर महिन्याला अधिकाऱ्याने जाऊन माल तपासायचा. एका तालुक्याच्या गावच्या मोंढ्यात मी आमच्या साहेबांबरोबर असाच गेलो होतो. तुरीच्या पोत्यांची छपरापर्यंत थप्पी. मी वहीत पोती मोजून लिहिली. साहेब मात्र थप्पीवर चढले, मागच्या रांगेतली पोती पुढे काढायला लावली आणि पोत्यात खुपसून दाणे काढायची ती लोखंडी पन्हळी त्यात घातली. पन्हळीतून भुसा आला. पुढच्या दोन रांगा तुरीच्या, मागच्या सगळ्या भुशाच्या. साहेब खाली उतरून हात झटकत एवढेच म्हणाले, ‘‘पोतं मोजायचं नसतं, उघडायचं असतं.’’

याच देवगिरीच्या दरबारात हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप होता, म्हणजे सरकारी दप्तराचा प्रमुख. मोडी लिपीचे श्रेय परंपरा त्यालाच देते. लिहिण्या-मोजण्यात हे राज्य मागे नव्हते. पण पोती कितीही नीट लिहून ठेवली, तरी घाईच्या दिवशी ती कुणीतरी उघडून बघावी लागतात. १६३३ मध्ये मुघलांच्या महाबतखानाने वेढा घातला तेव्हाही किल्ला पडला तो खाली संपत आलेल्या दाणागोट्याने. आदल्या दोन-तीन वर्षांत दख्खनभर भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. कोठ्या भरणार कुठून? मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने अखेर किल्ल्या दिल्या. माझा कोठावळा त्या वेढ्यातला.

म्हणून मीही चांदमिनाराच्या सावलीत बसून झोळी उघडली आणि तिन्ही बाटल्या पुन्हा बघितल्या. झाकणे घट्ट, पाणी पूर्ण, पुडी कोरडी. येणारे-जाणारे बघत होते. म्हातारा पाण्याच्या बाटल्या मोजतो आहे असे वाटले असेल. वाटू द्या.

अंधेरी

कालाकोट, चिनी महाल, मेंढा तोफ असे करत खंदकाशी आलो. खडक खोदून केलेला तो खंदक आणि त्याच्यावरचा अरुंद पूल ओलांडला की अंधेरी सुरू होते. डोंगराच्या पोटातून वर जाणारा वळणावळणांचा अंधारा बोगदा. पूर्वी शत्रू इथे शिरला तर वरून धुराने कोंडायचे, अशी व्यवस्था होती म्हणतात. चारचौघांत इथे आरडाओरडा होतो, पोरे घुमणारा आवाज ऐकून हसतात. एकटा शिरलो तेव्हा वटवाघळांच्या वासाखेरीज आणि माझ्या श्वासाखेरीज काही नव्हते.

चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता या किल्ल्यातल्या कोठडीबद्दल लिहितो, की तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे होते. तो वाक्याला वाक्य जोडणारा माणूस, पण अंधेरीत उभे राहिल्यावर त्याला माफ करावेसे वाटते. मी विजेरी लावली, एक हात भिंतीला ठेवला आणि पायऱ्या मोजू लागलो. अंधारात उंची एकसारखी नसलेली पायरी पायाला शोधावी लागते. गुडघा हलकेच कुरकुरला. छातीचे ठोके कानात ऐकू येत होते. थांबलो, श्वास जागेवर येऊ दिला, पुन्हा चार पायऱ्या. सोबत कुणी असते तर मी थांबलो नसतो. तरुणांपुढे दम लागल्याचे दाखवायचे नाही ही पुरुषांची जुनी खोड. एकटेपणाचा पहिला फायदा तिथे कळला. आपल्याला कुणाच्याही पावलांशी पावले जुळवायची नसतात. शरीर जे सांगते ते ऐकता येते.

बाहेर आलो तो उजेडाने डोळे दिपले. पुढे पायऱ्या, गणपतीचे छोटे देऊळ, आणि मग बारादरीपर्यंतची ती उघडी चढण. सीताफळीची झुडपे पाने झडून काटक्यांसारखी उभी होती. लांब खाली एक पळस तेवढा पेटल्यासारखा दिसत होता. अकरा वाजून गेले होते. ऊन वरून येत होते तसेच दगडातून खालूनही येत होते. पहिली बाटली बारादरीच्या अलीकडे संपली. हिशेब बरोबर होता.

तिसरी बाटली

शाहजहानच्या काळातली ती बारादरी म्हणजे थकलेल्या माणसाला देवाने दिलेली सावली. तिथे टेकून घरी फोन केला : ‘‘पोचलो. ठीक आहे. बारा वाजताहेत.’’ वर अजून माथ्यापर्यंतच्या पायऱ्या होत्या. जनार्दनस्वामींचे स्थान, त्यांच्या पादुका, शेवटच्या बुरुजावरची तोफ. अर्धा तास हाती होता. मला त्या दिवशी खरे तर तिथेच जायचे होते.

कारण जनार्दनस्वामी सोळाव्या शतकात निजामशाहीत याच किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिले. नाथांची एक कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गुरूंनी हिशेबाचे काम सोपवले होते. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक राहिली. नाथ दिव्याशी रात्रभर वह्या तपासत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरू म्हणाले, एका पैसाठी एवढे चित्त लागते, तेच देवाकडे लाव. कीर्तनकार शेवटच्या वाक्यावर भर देतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र आयुष्यभर आधीची रात्र जास्त आवडत आली. दिवसअखेर रोकड जुळत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत शाखेत बसलेल्या प्रत्येक कॅशियरला ती टाळी माहीत आहे.

तर मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात खालून चार-पाच कॉलेजची मुले आली. दोघांनी एकाला दोन्ही बाजूंनी धरले होते. चेहरा पांढरा पडलेला, कपाळ घामाने डबडबलेले, पोटरीत गोळे आलेले. ‘‘काका, पाणी आहे का? आमचं संपलं.’’ सकाळपासून त्याने चहा-बिस्किटांखेरीज काही घेतले नव्हते आणि पाचजणांत मिळून दोन बाटल्या आणल्या होत्या. प्रत्येकाला वाटले, पाणी दुसऱ्याने घेतले असेल. मिठाची पोती आणखी काय वेगळी असतात!

त्याला सावलीत आडवे केले, पाय झोळीवर उंच ठेवले, शर्टाची बटणे सोडली. रुमाल ओला करून मानेवर आणि काखेत ठेवला. नाव, गाव, आजचा वार विचारला. उत्तरे बरोबर दिली, तेव्हा माझा जीव थोडा खाली आला. उन्हाने माणूस बरळू लागला, अंग तापून कोरडे पडले की मग घरगुती उपाय करत बसायचे नसते, सरळ दवाखाना गाठायचा असतो. हा मुलगा त्याच्या अलीकडे होता. तिसऱ्या बाटलीत सौ.ची पुडी ओतून हलवली आणि घोटाघोटाने त्याला पाजत राहिलो. एकदम प्यायला दिले की उलटी होते. ज्या मिठाने एकदा हा किल्ला घालवला, त्यातलेच चिमूटभर त्या दिवशी उपयोगी पडले.

पाऊण तासाने त्याच्या गालांवर रंग आला. घड्याळात पावणेएक झाला होता. मुलांनी विचारले, ‘‘काका, तुम्ही वर जाणार होता ना? जा, आम्ही बसतो इथं.’’ माथा डोळ्यांसमोर होता. दुसरी बाटली भरलेली होती. पण ती उतरण्याची होती, आणि ती आता माझ्या एकट्याची राहिली नव्हती. साडेबाराची वेळही टळली होती. मी खालूनच जनार्दनस्वामींना हात जोडले आणि मुलांना म्हणालो, ‘‘चला, हळूहळू उतरू. अंधेरीत माझी विजेरी पुढे.’’

पंचवीस मिनिटांची उतरण आम्ही सव्वा तासात केली. सावली दिसली की बसायचे, प्रत्येकाने दोन घोट, पुढे. त्या मुलाने खाली आल्यावर माझे नाव विचारले आणि मी लेखक आहे हे कळल्यावर बँकेत होतो हे ऐकून त्याला जास्त विश्वास वाटल्यासारखे दिसले. महाकोटाच्या दाराशी पाण्याची सोय होती. तिथे दुसऱ्या बाटलीतले शेवटचे चार घोट माझ्या वाट्याला आले. तिन्ही बाटल्या रिकाम्या. हिशेब जुळला होता, फक्त खाते वेगळे निघाले.

एकट्याने जावे का?

घरी आल्यावर हा प्रश्न पुन्हा निघाला. सौ. म्हणाल्या, ‘‘बघा, त्या पोराला सोबत होती म्हणून बरं झालं.’’ खरे आहे. पण त्याला सोबत पाचजणांची होती आणि पाणी दोन बाटल्या होते. सोबत असली की आपण बेफिकीर होतो, कारण काळजी वाटली गेली असे प्रत्येकाला वाटते. एकट्या माणसाला ती चैन परवडत नाही. त्याला आपली पोती स्वतः उघडावी लागतात : पाणी, औषध, विजेरी, वेळ आणि गुडघे. म्हणून एकट्याने जाणे हे धाडस वाटत असले, तरी नीट केले तर ती सावधपणाची शाळा आहे. नीट केले नाही तर मात्र ती शाळा फार महाग पडते. घरी वाट पाहणाऱ्याच्या हाती वेळेचा कागद नसेल, राखीव पाणी नसेल, माघारी फिरण्याची वेळ आधी ठरलेली नसेल, तर एकट्याने मुळीच जाऊ नये. ठरलेली असली तरी ज्यांच्या डॉक्टरांनी मनाई केली आहे त्यांनी तर नाहीच नाही.

आणि हे केवळ डोंगरापुरते नाही, असे मराठवाड्यात राहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. १९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका आणि शाळेत मिळणारी सुकडी मला अजून आठवते. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर परवाचेच. आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला येणारे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून उपसून येते, आणि कित्येक वर्षे ते रोज आलेले नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी प्रत्येक घरात हंडे, पिंपे, टाक्या भरण्याची एकच धांदल. त्या जलाशयाचे नाव नाथसागर. एका पैसाठी रात्रभर जागलेल्या माणसाचे नाव आमच्या पाण्याला लाभले आहे. आपण मात्र पाण्याचे पोते मोजतो, उघडून बघत नाही. धरण भरले की दिवाळी, रिकामे झाले की टँकर. मधल्या काळात कुणी वही काढत नाही.

कादंबरीतला माझा कोठावळा या चढणीनंतर बदलला. आधी तो रडका होता. उपाशी लोकांकडे बघून हताश होणारा. आता तो रोज पहाटे कोठीत उतरतो, दिवा लावतो, प्रत्येक पोत्यात हात घालून दाणे बोटांत धरून बघतो आणि किती दिवस उरले ते किल्लेदाराला खरे सांगतो. खरा आकडा ऐकायला कुणाला आवडत नाही, किल्लेदारालाही नाही. पण तो सांगतो. पुढे काय होते ते अजून लिहायचे आहे.

माथा राहिलाच आहे. कार्तिकात, ऊन मऊ झाल्यावर, पुन्हा जायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, बाबा, या वेळी मी येणारच. ये म्हटले. फक्त तुझ्या तीन बाटल्या तू आण.